भागरतेचं धाबं

मेट्टापल्लीला पाहण्यासारखं काय आहे, असं अहेरीच्या स्टँडवर मला तिघांनी विचारलं. मी म्हटलं, छप्पर. तिघंही हसले. त्यातला एक पानवाला होता, निम्मं तेलगू निम्मं मराठी बोलणारा. तो म्हणाला, "बाबा, छप्पर पाहायले इतक्या दूर? तुमच्या गावात घरावर काय आभाळच आहे का?" तेव्हा उत्तर द्यायला वेळ नव्हता. गाडी लागली होती. आता परत आलो आहे, तर त्याचं उत्तर सगळ्यांसाठी लिहून ठेवतो.

आधी मी कोण ते सांगतो. गोंडपिपरीजवळच्या खेड्यातला. शाळा तिसरीपर्यंत. धंदा कवेलू फेरण्याचा. आमच्याकडं घरावर मातीचे कवेलू असतात. वांदरं नाचतात, मांजरं पळतात, कवेलू सरकतात, फुटतात. मग पावसाच्या आधी कोणीतरी वर चढून ते सगळे उतरवायचे, झाडायचे, फुटके काढायचे आणि पुन्हा रांगेनं बसवायचे. ते काम मी पन्नास वर्षं केलं. ज्या घरांच्या उंबऱ्याच्या आत मला पाय ठेवू देत नव्हते, त्या घरांच्या डोक्यावर चढून केलं. छप्पन्न सालानंतर आम्ही बौद्ध झालो, हळूहळू उंबरेही बदलले, पण छप्पर तेच आणि मीही तोच. पंचक्रोशीत माझ्या हातचं घर गळालं असं कोणी म्हणू शकत नाही.

फक्त माझं स्वतःचं गळालं. गेल्या पावसाळ्यात. गुडघे धरले होते, लोकांची घरं आधी घेतली, आपलं उद्या करू म्हणत राहिलो आणि पाऊस आला. भागरता, म्हणजे माझी बायको, तापानं पडली होती. तिच्या खाटेवर थेंब पडायला लागला. मी खाट सरकवली, तर दुसरीकडं पडला. ती म्हणाली, "माह्या धाब्याखाली असती तं कोरडी राह्यली असती."

हे धाबं म्हणजे तिचं जुनं गाणं. ती चुनाभट्टीवाल्याची पोरगी. लग्नाच्या आधी, पंधरा-सोळा वर्षांची असताना, बापासोबत डोंगरात मेट्टापल्लीला गेली होती. तिथं सरकारी बंगला बांधत होते, त्याचं चुन्याचं सपाट धाबं तिनं आणि बाकीच्या पोरींनी पिटलं. ते कधी गळालं नाही आणि गळणार नाही, असं ती म्हणायची. मी कवेलूवाला. सपाट छप्पर गळत नाही हे मी कसं मानावं? पाणी उतारानं जातं, सपाटावर बसतं, बसलं की शिरतं. चार माणसांत मी तिला खोटी पाडायचो. लोक हसायचे. ती पण हसायची, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

त्या दिवशी मात्र मी चिडलो. स्वतःवरच चिडलो होतो, पण बोललो तिला. "मंग जाय ना तुह्या धाब्याखाली. चाळीस वर्स झाले आयकून राह्यलो. खोटं बोलाची बी हद्द रायते."

ती हसली नाही. भिंतीकडं तोंड केलं. चौथ्या दिवशी गेली.

म्हणून मी मेट्टापल्लीला गेलो. ती खोटी होती की मी, एवढंच पाहायचं होतं.

चढण

अहेरीपासून पुढचा रस्ता मी वर्णन करत नाही. धूळ खाल्ली, एवढं पुरे. पण आलापल्ली सोडल्यावर सागाचं रान लागतं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. फागुन होता, सागाची पानं गळाली होती आणि नुसते खांब उभे होते, वाकडा एक नाही. मी आयुष्यभर आडव्या लाकडावर काम केलं, छपराचे मयाल आणि फाटे हातानं चाचपले. उभं लाकूड इतकं कधी पाहिलं नव्हतं. आपल्या भागाला लोक मागास म्हणतात. नागपूर-मुंबईच्या बंगल्यांना दारं-खिडक्या कुठून गेल्या ते एकदा इथं येऊन पाहावं.

मग घाट लागला. गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत होती. एका वळणावर कंडक्टरनं सगळ्यांना खाली उतरवलं, गाडी हलकी केली, आणि आम्ही मागून चालत गेलो. माझ्या पुढं एक माडिया बाई डोक्यावर कोंबड्यांची टोपली घेऊन चालली होती. तिला दम लागत नव्हता, कोंबड्यांना लागत होता. मी दोनदा बसलो. कंडक्टर वरून ओरडला, "ओ कवेलूवाले बाबा, गाडी तुमच्यासाठी थांबली नाई जी, विंजन थंड करून राह्यली." गाडीत बसताना मी धंदा सांगितला होता, ही चूक झाली.

मेट्टापल्ली, सकाळ

मेट्टा म्हणजे गोंडीत डोंगर. नावाप्रमाणं गाव आहे. चहूकडं डोंगर आणि मधे ताटाएवढी सपाट जागा. त्या ताटात साठ-सत्तर घरं, एक शाळा, सागाच्या लाकडांचा डेपो, चहाची दोन दुकानं आणि मोहाची मोठी मोठी झाडं. पूर्वेला एकामागे एक डोंगर निळे होत जातात. तिकडं बस्तर, असं चहावाल्यानं सांगितलं.

बाजाराचा दिवस होता. मोहाच्या झाडाखाली बाजार. आमच्या बाजारात जो मोठ्यानं ओरडतो त्याचा माल खपतो. इथं कोणी ओरडत नाही. बाया मीठ, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, शेंगा पुढ्यात मांडून गप्प बसतात. गिऱ्हाईकही गप्प बसतं. दोघं थोडा वेळ एकमेकांसमोर गप्प बसले की सौदा होतो. मला हे फार आवडलं. मी पण एका बाईसमोर बसलो, पानाच्या द्रोणात लाल काहीतरी होतं ते बोटानं दाखवलं. घरून बांधून आणलेल्या भाकरीसोबत खाल्लं तेव्हा कळलं, लाल मुंग्यांची चटणी. आंबट, झणझणीत. आपल्याला लिंबू लागतं, यांना मुंगी पुरते. दुसरा द्रोण मी मागून घेतला. आपण मुंगी खाल्ली हे घरी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता लिहिलंच आहे.

बंगला डेपोच्या मागं, जरा उंचावर. लांबूनच दिसला. पांढऱ्या भिंती, पुढं पडवी, आणि वर सपाट. कवेलू नाही, टिन नाही. मी खाली उभा राहून बराच वेळ पाहिलं. भिंतीवर कुठं ओघळ नव्हता. मला आतून बरं वाटायला लागलं होतं.

बंगला

चौकीदार पेका. चाळिशीचा, खाकी सदरा, पाय उघडे. मी जयभीम घातला, त्यानं जोहार घातला. काम सांगितलं. तो माझ्याकडं पाहत राहिला.

"धाबं पाहाले आले?"

"हो."

"आजच पाहून घ्या मंग. उद्या नसन." त्यानं पडवीत ठेवलेल्या तीन सबली, म्हणजे लोखंडी पहारी, दाखवल्या. "फोडून राह्यले. ओव्हरशियर साहेब दोपारी येते मोजाले. वर टिन टाकणार."

"काऊन?"

"गळते न जी."

तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. साहेब लोकांची खाट, मच्छरदाणी, आणि वर पाहिलं तर सागाच्या कड्या, कड्यांवर फरशी, आणि बरोबर खाटेच्या वर परातीएवढा ओला डाग. मधे पिवळा, कडेला काळा. हात लावला तर बोट ओलं झालं.

खरं लिहितो. पहिला विचार मनात आला तो हा, की मी बरोबर होतो. सपाट छप्पर गळतं. चाळीस वर्षं मी हेच म्हणत होतो. आणि जिंकलेल्या माणसाला जसं वाटायला पाहिजे तसं काही वाटलं नाही. मी खाली फरशीवर बसलो.

पेका म्हणाला, "पाणी आणू का जी?"

"शिडी आण," मी म्हटलं.

माझं असं म्हणणं, की छप्पर गळत असेल तर ते फोडायच्या आधी कुठं गळतं ते पाहावं. एक कवेलू फुटला म्हणून कोणी घर उतरवत नाही. डाग खोलीच्या कोणत्या कोपऱ्यापासून किती पावलं आहे ते मी मोजलं, शिडीनं वर चढलो, वरून तितकीच पावलं टाकली आणि बरोबर डागाच्या वर जाऊन उभा राहिलो.

आता धाब्याचं सांगतो. मी असं छप्पर जन्मात पाहिलं नव्हतं. काळपट पांढरं, गुळगुळीत, नदीतल्या दगडासारखं. एक सांधा नाही. इतकं मोठं अंगण, आणि जसं एकाच हातानं एकाच वेळी सारवलं आहे. उन्हात ते तापलं होतं, पण पाय चटकत नव्हते. एका बाजूला लोखंडी पाण्याची टाकी, विटा-सिमेंटच्या ओट्यावर ठेवलेली. बाकी सगळं मोकळं.

डागाच्या वर मला भेग दिसली नाही. काठी आपटली, ठण्ण आवाज आला. पण खाली ओलं आहे म्हणजे इथं काहीतरी असलंच पाहिजे. मी पेकाकडून खुरपं मागितलं आणि खोदायला बसलो. खुरप्याचं टोक वळलं. मग सबल मागितली. सबलीनं टवका उडाला, पोळीएवढा. आत पण कोरडं.

खालून कोणीतरी ओरडलं. माडियात ओरडलं, पण शिवी कोणत्याही भाषेत कळते.

जुरीबाई

ती पेकाची आई. जुरी नाव. माझ्या वयाची, नाहीतर थोडी मोठी. बाजारातून आली होती, डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि शिडीवर चढली. मी दोन ठिकाणी थांबून चढलो होतो, ती एका दमात आली. तिनं माझ्या हातातली सबल हिसकावून घेतली.

"तू सरकारी माणूस होय का?" तिची मराठी बाजारात शिकलेली होती.

"नाई बाई. कवेलू फेरतो मी."

"तरीच." तिनं टवक्याकडं पाहिलं. "तुमच्या कवेलूत पाणी पडते तिथीच गळते. सरळ खाली. हे धाबं होय. इथी पाणी चालते. कुठी घुसते, कुठी निंगते."

मी म्हटलं, "कुठीही घुसो. घुसलं न?"

"फागुन आहे," ती म्हणाली. "पाऊस कवा पडला?"

"दिवाळीच्या आधी."

"मंग खाली ओलं काऊन?"

पन्नास वर्षं छपरावर काढली आणि ही गोष्ट मला दिसली नाही. चार-पाच महिने आभाळातून थेंब नाही आणि डाग ओला. मी डागाच्या वरच पाहत बसलो, कारण कवेलूत तेच पाहायचं असतं. जुरीबाईनं टाकीच्या ओट्याकडं हात केला. ओटा डागापासून चांगला पंधरा पावलं लांब. जवळ जाऊन पाहिलं तर ओट्याच्या बुडाशी हिरवं शेवाळ. साहेब लोकांना नळाखाली अंघोळ पाहिजे म्हणून चार वर्षांपूर्वी ती टाकी बसवली होती. ओट्यासाठी चुना खणून काढला, सिमेंट भरलं. सिमेंट आणि चुना एकमेकांना धरत नाहीत. त्या फटीतून टाकीतून गळणारं पाणी आत जात होतं आणि कड्यांवरच्या फरशीवरून चालत चालत खाटेवर उतरत होतं.

"तुले कसं मालूम?" मी विचारलं.

"मी पिटलं ना हे," ती म्हणाली.

मग विचारलं, तिच्यासोबत बाहेरच्या पोरी होत्या का, चुनाभट्टीवाल्याची एक पोरगी, भागरता.

तिनं आठवून पाहिलं. "नाव नाई आठवत." मी खाली पाहिलं. ती म्हणाली, "चुनेवाल्याची पोरगी होती एक. नाक मोठं."

नाक मोठं होतं. मी मान हलवली.

"ते पिटत नव्हती. पिटाले आम्ही वीस जणी होतो, रांगेत बसून, थापीनं. दिवसभर थाप थाप. ते पाणी करे. हिरडा, गूळ, बेलाचा गर, भिजत घाले रांजणात. मंग बोट बुडवून चाखे. ते हो म्हणे तवाच चुन्यात टाकत. तिचा बाप बी तिलेच विचारे. एक डाव ठेकेदारानं घाई केली तं तिनं सगळा रांजण लवंडून देल्ला. ठेकेदार मारायले धावला. आम्ही वीस जणी थाप्या घेऊन उभ्या राह्यलो." जुरीबाई हसली. वरचे दोन दात नव्हते. "पाणी बिघडलं तं धाबं बिघडते, म्हणे ते. नवं पाणी झालं तवाच पुढं पिटलं."

भागरतेनं हे मला कधी सांगितलं नाही. पिटलं, एवढंच म्हणायची, जशी वीस जणींतली एक होती. कदाचित सांगणार होती. मी तिला पहिल्याच वाक्यावर खोटी पाडायचो, पुढचं कुठून ऐकणार? घरी ती भाजी उकळली की बोट बुडवून चाखायची. बोट भाजत नाही का, असं मी विचारायचो. तिचं बोट भाजत नव्हतं.

"हाय का ते?" जुरीबाईनं विचारलं.

"गेली. आखाडात."

तिनं अरे-अरे केलं नाही. कमरेच्या तुंब्यातून, म्हणजे वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातून, मला पाणी दिलं. आधी ती प्याली, मग मी, मग पेका. कोणाची जात कोणती, कोणी विचारलं नाही. आमच्या गावी हे व्हायला माझी अर्धी जिंदगी गेली.

दुपार

ओव्हरशियर यायला तीन-चार तास होते. त्याला नुसतं सांगून तो ऐकणार नव्हता. दाखवायला पाहिजे होतं. कसं दाखवायचं ते मला सुचलं, आणि ते आपल्या झाडीपट्टीच्या धान पिकवणाऱ्या माणसालाच सुचू शकतं, हे मी ताठ मानेनं लिहितो. बंगल्यामागं धानाचं वावर होतं. तिथली चिकट माती पेकानं आणि मी घमेल्यानं वर नेली. आपण बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, मातीची पार घालतो तशी मी धाब्यावर पार घातली, वीतभर उंच, डागाच्या वरच्या जागेभोवती. माझा सबलीचा टवका त्या पारीच्या बाहेर राहील असं पाहिलं, कारण ती माझी चूक होती, धाब्याची नव्हती. जुरीबाई म्हणाली, "टवका बाहेर काऊन? आत घे."

"तो मी पाडला न."

"मंग काय झालं? वरचं गेलं ना, खालचं तं नाई गेलं. घे आत. वरचं सारं जाऊ दे, तरी नाई गळत."

मी घेतला आत.

टाकी पेकानं रिकामी केली. तेच पाणी बादल्यांनी बांधीत ओतलं. कमी पडलं ते विहिरीवरून आणलं. चार बोटं पाणी उभं राहिलं. डोंगर त्यात उलटा दिसत होता. पेका म्हणाला, "आता धानाचा रोवणा करू का जी?" जुरीबाईनं त्याला चापट मारली.

मी खाली गेलो, साहेबाच्या खाटेवर उताणा पडलो आणि डागाकडं पाहत राहिलो. मच्छरदाणीच्या आत एक पाय, बाहेर एक पाय. पेका म्हणाला साहेब पाहील तर रागावेल. मी म्हटलं, रागावू दे. लग्न झाल्यापासून तिच्या कामाकडं इतका वेळ मी कधी पाहिलं नव्हतं. कड्या मोजल्या. फरश्या मोजल्या. डाग तेवढाच होता. मग बोट लावलं तर कमी ओला.

जुरीबाईनं पळसाच्या पानावर भात आणि शेंगांची भाजी दिली. भाजीत मीठ जास्त होतं. तसं मी सांगितलं. ती म्हणाली, "बाजारात मुंग्या खाऊन आला तू, आता मिठाचं सांगते."

ओव्हरशियर तीन वाजता आला. तरुण माणूस, नागपूरकडचा, सायकलवरून उतरला, वर गेला आणि पाणी पाहून थबकला.

"हे काय चाललंय, बाबा? सरकारी छतावर शेती करताय?"

"साहेब, खाली चला," मी म्हटलं. "खालून पाहा."

तो खाली आला. मी त्याला डाग दाखवला. वर चार बोटं पाणी दोन तासांपासून उभं आहे, आणि थेंब नाही. त्यानं स्टुलावर चढून स्वतः बोट लावलं. मग मी पेकाला हाक मारली. पेकानं वर टाकीच्या ओट्याच्या बुडाशी एक बादली ओतली. आम्ही खाली उभे. मी बिडी पेटवली. बिडी निम्मी झाली नाही तोच डागाच्या मधे एक थेंब जमला, लोंबला आणि साहेबाच्या उशीवर पडला.

साहेब हसला. मोठ्यानं नाही, नाकातून.

"म्हणजे आमचाच ओटा," तो म्हणाला. पुन्हा वर गेला, बुटाच्या टाचेनं धाब्यावर ठोकलं, माझा टवका पाहिला, त्यातला तुकडा खिशात टाकला. "असं काम आता कोणी करत नाही. करायचं म्हटलं तरी कोणाला येत नाही." मग वही काढली. त्यानं लिहिलं, मला वाचूनही दाखवलं: छत फोडू नये, फक्त ओटा काढावा, टाकी खाली जमिनीवर घ्यावी. पेकाला म्हणाला, सबली परत डेपोत टाक.

मी म्हटलं, "साहेब, काम कोणाचं ते लिहा."

"ते जुन्या कागदावर असेल. ठेकेदाराचं नाव असतं."

"ठेकेदारानं घाई केली होती. लिहा, चुन्याचं पाणी भागरतेनं केलं. आणि पिटलं जुरीबाईनं, आणखी एकोणीस जणींनी."

तो पेन हातात धरून थांबला. वाईट माणूस नव्हता. "बाबा, या वहीत तसा रकाना नाही. मी लिहिलं तरी वरचे खोडतील."

"ठीक आहे," मी म्हटलं. "माही वही आहे."

संध्याकाळी पाचला परतीची गाडी होती, त्याआधी मी एकदा शिडी चढलो. वर जुरीबाई पार फोडत होती. पाणी धाब्याच्या उतारानं, तो उतार मला दिवसभर दिसला नव्हता, बरोबर पन्हळीकडं गेलं आणि भिंतीला न लागता खाली पडलं. सपाट नव्हतंच ते. वीस पोरींनी नुसत्या थापीनं अंगणाएवढ्या जागेत बोटभर उतार काढला होता आणि मी चाळीस वर्षं त्याला सपाट म्हणत होतो.

तर अहेरीच्या पानवाल्या, तुला आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतो. मेट्टापल्लीच्या बंगल्याचं धाबं भागरतेच्या हातच्या पाण्यानं झालं. ती माझी बायको. ते गळत नाही. मी खोटा होतो, ती नाही. तिकडं गेलात तर बंगल्याच्या मागं शिडी आहे, पेकाला कवेलूवाल्यानं पाठवलं म्हणून सांगा, तो चढू देईल. एक पोळीएवढा खड्डा दिसेल, तो माझा. बाकी सगळं तिचं आणि जुरीबाईचं आहे, म्हणून वर जाताना पायातलं खाली काढा.